ग्रंथालयातली घाई आणि दिरंगाई

मुंबईतल्या ग्रंथालयांचे काय करायचे, हा वाद आता वार्षिक सर्वसाधारण सभांमध्ये जवळजवळ ठरलेल्या क्रमाने रंगतो. नवे कार्यकारी मंडळ निवडून आलेले असते. नवे प्रमुख कार्यवाह लॅपटॉप पडद्याला जोडतात आणि पुढच्या दहा वर्षांचा आराखडा मांडतात. कपाटे कमी, अभ्यासिका मोठी, सगळा संग्रह डिजिटल, इमारतीचा पुनर्विकास, वर वातानुकूलित सभागृह, खाली दुकानांचे गाळे. मग मागच्या रांगेतून एक आजीव सभासद उठतात, संस्थापकांची नावे घेतात आणि हे वाचनालय आहे की मॉल, असे विचारतात. टाळ्या दोघांनाही पडतात. पुढचे काही आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक बाजू दुसरीला 'जुनी खोडे' म्हणते, दुसरी पहिलीला 'बिल्डरचे दलाल'. या गोंगाटात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते, ती म्हणजे बदलायचे की जपायचे हाच खरा प्रश्न आहे. मला तो प्रश्नच पटत नाही.

ग्रंथालयाची सूत्रे नव्याने हाती घेणाऱ्याने, मग तो निवडून आलेला कार्यवाह असो की नेमलेला ग्रंथपाल, समोर आलेल्या प्रत्येक प्रस्तावाला आधी विचारावे : हे चुकले तर परत फिरता येईल का? येणार असेल तर याच महिन्यात करून पाहा, उपसमिती नेमू नका. येणार नसेल तर पहिले वर्षभर त्याला हात लावू नका. आपल्याकडे बरोबर उलटे चालते. रविवारी संध्याकाळी देवघेव सुरू ठेवायची का, यावर वर्षानुवर्षे खल होतो. आणि हजारो पुस्तके 'तात्पुरती' गोदामात हलवण्याचा ठराव 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या सदरात पाच मिनिटांत मंजूर होतो. जिथे घाई हवी तिथे दिरंगाई आणि जिथे दिरंगाई परवडते तिथे घाई, हा आपल्या ग्रंथालयांचा खरा आजार आहे. नवा-जुना हे त्याचे निदान नव्हे.

परत न फिरता येणारा निर्णय कोणता, हे मुंबईत तरी कोणाला शिकवावे लागू नये. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३चा. वर्गण्या गोळा करून आणि देणगीदारांच्या पायऱ्या झिजवून त्या पिढ्यांनी शहरात जी जागा मिळवली, तेवढी आज बाजारभावाने घ्यायची म्हटली तर राज्यातल्या कुठल्या सार्वजनिक वाचनालयाला ती झेपेल? एकदा सुटलेला चौरस फूट पुन्हा येत नाही. कायद्यालाही हे कळलेले आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५०च्या कायद्यातले कलम ३६ विश्वस्तांना न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकू देत नाही, बदलू देत नाही, बक्षीसही देऊ देत नाही. इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तरी तीच परवानगी लागते. वाचनालयाची वेळ बदलायची तर आयुक्तांकडे जावे लागत नाही. म्हणजे दोन जातींच्या निर्णयांतला फरक आमदारांनी सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी ओळखला होता. आपण मंडळाच्या बैठकीत तो विसरतो. शिवाय हे कलम भिंतींना आणि जमिनीला राखते, भिंतींच्या आत जे आहे त्याला नाही. जुने अंक रद्दीत घालायला किंवा पंचवीस वर्षे काउंटरवर बसलेल्या माणसाला घरी पाठवायला बहुतेक वेळा मंडळाचा एक ठराव पुरतो.

आपल्याकडच्या आराखड्यांत अमेरिकेचे नाव फार वेळा येते, म्हणून उदाहरणेही तिथलीच घेऊ. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे अध्यक्षपद अँथनी मार्क्स यांनी २०११ मध्ये घेतले तेव्हा आधीच्या मंडळींची एक भव्य योजना त्यांच्यापुढे तयारच होती. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या मुख्य इमारतीत, मोठ्या वाचनकक्षाच्या खाली, सात मजली कपाटे आहेत. ती काढायची, तिथे नॉर्मन फॉस्टर यांच्या आरेखनानुसार देवघेवीचे नवे ग्रंथालय करायचे आणि परिसरातल्या दोन शाखांच्या इमारती विकून पैसा उभारायचा, अशी ती योजना. खर्चाचा अंदाज तीस कोटी डॉलरचा होता. पुढे तो फारच कमी धरल्याचे लक्षात आले. लेखक-संशोधकांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेले आणि मे २०१४ मध्ये योजना सोडून देण्यात आली. वारशाने आलेली आणि स्वतः उचलून धरलेली योजना जाहीरपणे मागे घ्यायला धैर्य लागते, त्याचे श्रेय मार्क्स यांना द्यायलाच हवे. पण माघार कुठे घेता आली आणि कुठे नाही, ते पाहण्यासारखे आहे. मिड-मॅनहॅटन शाखेची इमारत अजून विकली गेली नव्हती, म्हणून पुढे तिचेच नूतनीकरण करता आले. मुख्य इमारतीतल्या कपाटांमधली पुस्तके मात्र तयारी म्हणून आधीच बाहेर काढली होती. योजना रद्द झाली तरी पुस्तके त्या कपाटांत परतली नाहीत. सात मजले पुढे वर्षानुवर्षे रिकामे राहिले. ठराव मागे घेता येतो, पण ठरावाच्या जोरावर आधीच उरकलेली कामे मागे घेता येत नाहीत.

दुसरे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे, आणि ते मला जास्त बोचते, कारण तिथला ग्रंथपाल मूर्ख नव्हता. केन डाउलिन यांना इलेक्ट्रॉनिक ग्रंथालयाचे भविष्य १९८०च्या दशकातच दिसले होते. त्यांच्या कारकिर्दीत बांधलेली नवी मुख्य इमारत एप्रिल १९९६ मध्ये उघडली. संगणकांना आणि माणसांना तिथे ऐसपैस जागा होती, पुस्तकांना मात्र ती पुरेना. स्थलांतराच्या आधी आणि त्या काळात मोठ्या प्रमाणावर पुस्तके बाद करून कचराभूमीवर पाठवली गेली. त्याच वर्षी निकोल्सन बेकर या लेखकाने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. किती पुस्तके गेली यावर दोन्ही बाजूंचे आकडे जुळले नाहीत. जानेवारी १९९७ मध्ये डाउलिन यांनी राजीनामा दिला. आता विचार करा, भविष्याबद्दल डाउलिन चुकले होते का? अजिबात नाही. आज आपण सगळे त्यांनी सांगितलेल्या जगातच राहतो. पण भविष्याचा अंदाज बरोबर येणे वेगळे आणि आज घेतलेला निर्णय बरोबर असणे वेगळे. पुस्तके ठेवूनही संगणक आणता आले असते. पुस्तके टाकल्यावर ती परत आणता येत नव्हती. आपल्या सभांमध्ये 'येणारा काळ डिजिटल आहे' या वाक्याने प्रत्येक वाद मिटवला जातो. वाक्य खरे आहे. त्यातून कपाटे काढायचा निर्णय कसा निघतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

मराठी संग्रहांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे, कारण आपल्याकडे दुसरी प्रत असेलच याची खात्री नसते. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा १९५४चा. त्याआधीचे मराठी पुस्तक किंवा मासिक कुठे आहे, याचे उत्तर बहुतेक वेळा कुठल्या तरी गावच्या, उपनगरच्या वाचनालयात सापडते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, ती अशा विखुरलेल्या संग्रहांच्या जोरावर. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'चा १९०९चा दिवाळी अंक हा मराठीतला पहिला दिवाळी अंक. त्यानंतरच्या शतकभरात जे शेकडो दिवाळी अंक निघाले आणि बंद पडले, ते नीट बांधून कोणी ठेवले? सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयांनी. कुठले पुस्तक दहा वर्षांत एकदाही बाहेर गेले नाही, हे देवघेवीच्या नोंदी सांगतात. ते शहरात दुसरीकडे कुठेच नाही, हे त्या नोंदी सांगत नाहीत. त्यासाठी यादी घेऊन दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, ठाण्याला, एशियाटिक सोसायटीत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारावे लागते. हे कंटाळवाणे काम आहे. ते व्हायला वर्ष लागेल, तर लागू दे.

म्हणून काहीही बाद करू नये, असे मी म्हणत नाही. वाळवी लागलेली, बुरशी धरलेली पुस्तके शेजारच्या कपाटालाही संपवतात. एकाच लोकप्रिय कादंबरीच्या सात प्रती, कालबाह्य झालेली करविषयक मार्गदर्शके, मागच्या अभ्यासक्रमांची गाइडे यांना मुंबईच्या भावाने जागा देण्यात काही अर्थ नाही. 'आमच्याकडे इतक्या लाख पुस्तके' हा अभिमान मला कधीच समजला नाही. ग्रंथ वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच नियमांतला पहिला नियम. जपणुकीच्या नावाखाली कुलूपबंद कपाटांचा देव्हारा करणाऱ्या जुन्या मंडळींनी त्या नियमाचा नव्यांपेक्षा कमी भंग केलेला नाही.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. थांबणे हादेखील निर्णयच असतो, आणि तोही परत न फिरता येणारा ठरू शकतो. मुंबईतली इमारत तुमच्या विचारमंथनासाठी थांबत नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासणी करून घेणे महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे आणि इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरली की रिकामी करावीच लागते. तेव्हा वर्षभर थांबा म्हणणारा माणूस हास्यास्पद ठरेल. शिवाय सभासदही थांबत नाहीत. गिरगाव-दादर-परळचा मराठी वाचक बोरिवली, डोंबिवली, बदलापूरला गेला, तो सांगून गेला नाही. वर्गणी भरणे थांबले तेव्हाच कळले. हे दोन्ही मुद्दे मला शंभर टक्के मान्य आहेत. पण त्यांतून निघते काय? इमारत धोकादायक असेल तर ती रिकामी करण्याचा निर्णय अभियंत्याने घेतलेलाच आहे. तिथे नेतृत्वाला ठरवण्यासारखे काही उरलेले नाही. ठरवायचे ते पुढचे. परत येताना किती जागा, कोणत्या मजल्यावर, कोणाच्या मालकीची? विकासकाशी होणाऱ्या करारातल्या या कलमांवर घाई करायला तपासणीचा अहवाल सांगत नाही. घाई विकासकाला असते. आणि वाचक गळण्याचे म्हणाल, तर त्यावरचे उपाय जवळजवळ सगळेच असे आहेत की जे आज करून उद्या मागे घेता येतात. तेच तर आपण करत नाही.

उदाहरणच घ्यायचे तर वेळेचे. सकाळी काही तास, दुपारी बंद, संध्याकाळी आठला कुलूप, आठवड्याची एक सुट्टी, हे वेळापत्रक ज्या काळात बसले तेव्हा सभासद गिरणीच्या भोंग्यावर किंवा दहा ते पाचच्या कचेरीवर जगत होता आणि वाचनालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता. आजचा सभासद अंधेरीहून किंवा फोर्टातून गाडी धरतो आणि घरच्या स्टेशनावर उतरतो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. त्याच्यासाठी काउंटर साडेनऊपर्यंत उघडे ठेवून पाहायला काय लागते? एका कर्मचाऱ्याची पाळी बदलावी लागते आणि दारावर एक कागद चिकटवावा लागतो. तीन महिन्यांनी देवघेवीचे आकडे पाहा. नाही जमले तर कागद काढून टाका. कपाटे सभासदांना खुली करणे, अनामत रक्कम कमी करणे, स्टेशनजवळच्या दुकानात पुस्तक परत घेण्याची सोय, एक वार्षिक वर्गणी बंद करून मासिक सुरू करणे, बालविभागातला 'शांतता राखा' फलक उतरवणे, यांतली एकही गोष्ट चुकली तर संस्था बुडत नाही. तरी यांवर उपसमित्या नेमल्या जातात, अहवाल मागवले जातात, आणि मंडळाची मुदत संपते.

अभ्यासिकेचा वादही याच फुटपट्टीने मोजून पाहा. जुने सभासद म्हणतात, स्पर्धा परीक्षेची मुले स्वतःची गाइडे घेऊन येतात, आमच्या पुस्तकाला हात लावत नाहीत, ती वाचक नव्हेत. मला हे बोलणे लाजिरवाणे वाटते. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती. शहरात तेवढ्याच किंवा त्याहून लहान खोल्यांत आजही लाखो कुटुंबे राहतात. तिथल्या मुलीला रात्री अकरा वाजता दिवा, पंखा, खुर्ची आणि शांतता देणे हे ग्रंथालयाचे काम नाही, तर कोणाचे? पण नव्या मंडळींना अभ्यासिका म्हटले की लगेच काचेच्या भिंती, प्लायवूडचे कप्पे आणि त्यासाठी संदर्भ विभाग उठवणे सुचते. वाचनकक्षात घडीची टेबले लावून तो रात्री दहा ते सकाळी सहा अभ्यासासाठी उघडा ठेवला तर तीच सोय होते आणि एकही कपाट हलत नाही. मुले वाढली, वर्षभर टिकली, तर पक्के बांधकाम करायला कोणाची ना आहे? आधी संदर्भ विभाग उठवायचा आणि मग मुले परीक्षा संपल्यावर का येत नाहीत म्हणून चिंता करायची, या क्रमाला माझा विरोध आहे.

इथे कोणी सयाजीरावांचे नाव घेईल, आणि घ्यावेही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना आणले. तीनच वर्षांत बोर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू केले, गावोगाव फिरती ग्रंथालये पोहोचवण्याची व्यवस्था लावली. महाराजांनी वर्षभर थांबायचे ठरवले असते तर? मुद्दा चांगला आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. सयाजीरावांनी अमरेलीत सक्तीचे शिक्षण १८९३ मध्ये सुरू केले आणि १९०६ मध्ये ते राज्यभर नेले. म्हणजे वाचता येणारी माणसे तयार होऊ लागल्यावर ग्रंथालये आली. आणि बोर्डन यांनी खेड्यांकडे जे पाठवले ते काय होते? लाकडी पेट्यांमधली पुस्तके. पेटी वाचली गेली तर दुसरी जाते. नाही वाचली गेली तर तीच परत येते आणि पुढच्या वेळी पुस्तके बदलून जातात. संस्थानाचा खजिना हाताशी असताना त्यांनी गावागावांत आधी इमारतींचे चिरे बसवत बसण्याऐवजी पेट्या हलवल्या. बोर्डन १९१३ मध्ये परत गेले, तरी व्यवस्था चालू राहिली, कारण त्यांनी शिकवलेली माणसे इथेच होती.

रंगनाथनांचा तर नव्या ग्रंथपालांनी फोटो लावण्यापलीकडे अभ्यास करावा. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि लवकरच कंटाळून परत वर्गात जाऊ द्या म्हणू लागला. इंग्लंडला जाऊन शिकून ये, तरी कंटाळा आला तर परत घेऊ, असे त्यांना सांगण्यात आले. तिथे त्यांनी सुमारे शंभर ग्रंथालये पाहिली आणि १९२५ मध्ये ते परतले ते याच कामात राहण्यासाठी. त्यांचे पाच नियम ग्रंथरूपाने १९३१ मध्ये आले, वर्गीकरणाची स्वतःची पद्धत १९३३ मध्ये. पद हाती आल्यापासून नऊ वर्षांनी! पदभार घेतल्या महिन्यात त्यांनी दहा वर्षांचा आराखडा मांडला असता तर तो कंटाळलेल्या गणिताच्या प्राध्यापकाचा आराखडा झाला असता.

डिजिटल गोष्टी बिनधोक, कारण त्या कधीही बदलता येतात, असा एक समज आहे. तो तपासून घ्यावा. कुठलेसे सॉफ्टवेअर स्वस्तात मिळते, दोन वर्षे खपून सगळी दाखलनोंदवही त्यात चढवली जाते आणि मग कंपनी बंद पडते किंवा वार्षिक शुल्क तिप्पट करते. तुमच्याच पुस्तकांची यादी तुम्हाला बाहेर काढता येत नाही. हा निर्णय सभागृह विकण्याइतकाच पक्का झाला. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या जिल्ह्याच्या ग्रंथालयाने २००० सालाच्या संगणक-संकटाच्या (वायटूके) तोंडावर स्वतःची प्रणाली करून घेतली आणि ती सगळ्यांना मुक्तपणे दिली. तीच 'कोहा' आज जगभर चालते. तिच्यातून नोंदी प्रमाणित स्वरूपात बाहेर काढता येतात, हा तिचा मोठेपणा फुकट असण्यापेक्षा मोठा आहे. दुसरीकडे ब्रिटिश लायब्ररीसारख्या बलाढ्य संस्थेवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि मुख्य सूची वाचकांना पुन्हा पाहायला मिळाली ती जानेवारी २०२४ मध्ये, तीही मर्यादित रूपात. पुस्तके जागेवरच होती. स्कॅन केल्यावर मूळ अंक टाकून द्यायचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

'हे सगळे ठीक, पण पगार कुठून द्यायचे?' या प्रश्नापाशी प्रत्येक सभा अडते. रास्त प्रश्न आहे. कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये केला. मुंबई प्रांतात ग्रंथालयांचा विचार करण्यासाठी फैजी समिती त्याआधी, १९३९ मध्ये नेमली गेली होती. तरी महाराष्ट्राचा कायदा यायला १९६७ साल उजाडले. दोन वर्षे आधी कर्नाटकाने कायदा केला तेव्हा मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर लावला. आपण उपकर घेतला नाही, अनुदानावर भिस्त ठेवली. कागदावर हा निर्णय आजही बदलता येईल. प्रत्यक्षात तो पन्नासहून अधिक वर्षे टिकला आहे आणि प्रत्येक मंडळाला सरकारच्या दारात उभा करतो आहे. २०२२ मध्ये दशकभराच्या मागण्यांनंतर अनुदान ६० टक्क्यांनी वाढले तेव्हाही कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी तशीच राहिली. म्हणून कार्यवाहांची नजर गाळ्यांच्या भाड्याकडे जाते, हे मी समजू शकतो. पण इमारत आणि तिचा रोजचा खर्च यांचा हिशेब एकत्र मांडायला अँड्र्यू कार्नेगीने शंभर वर्षांपूर्वी शिकवले होते. अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयांना त्याने पैसा दिला. सर्वसाधारण अट अशी की बांधकामाच्या रकमेच्या एक दशांश इतका खर्च दरवर्षी गावाने उचलण्याचे आधी लिहून द्यावे. आपल्याकडच्या पुनर्विकासाच्या सादरीकरणांत नव्या मजल्यांची रंगीत चित्रे असतात. त्या मजल्यांवरच्या लिफ्टचे, वातानुकूलनाचे, सफाईचे आणि सुरक्षा रक्षकाचे वार्षिक बिल कोणत्या पानावर असते?

उरतो मुदतीचा युक्तिवाद. मंडळ तीन किंवा पाच वर्षांचे. पहिल्या वर्षी लोकांचा विश्वास जास्त असतो, तेव्हाच मोठी कामे उरकली पाहिजेत, नंतर गटबाजी सुरू होते. राजकारण म्हणून हे खरे आहे. पण मोठ्या कामासाठी सभासदांचा विश्वास लागतो, तो मतमोजणीच्या दिवशी पूर्ण मिळालेला नसतो. साडेनऊपर्यंत उघडे राहिलेले काउंटर, रात्री जागी असलेली अभ्यासिका, हाताने चाळता येणारी कपाटे, एवढे सहा महिन्यांत दिसले तर दुसऱ्या वर्षी जागेचा प्रस्ताव घेऊन येणाऱ्या कार्यवाहाला 'दलाल' म्हणण्याची हिंमत कोणाची होईल? तोवर पडताळणी पूर्ण होते, दुर्मीळ पुस्तकांची यादी हाती येते, अभियंत्याचा अहवाल येतो. शिवाय जागा, संग्रह किंवा सूची यांना कायमचा धक्का लावणारा प्रस्ताव एका सभेत मांडावा आणि किमान सहा महिन्यांनी दुसऱ्या सभेत मताला टाकावा, असा दंडक मंडळाने स्वतःच घालून घ्यावा. प्रस्ताव चांगला असेल तर सहा महिन्यांत तो नासत नाही.

आणि माणसांचे काय? कोणते पुस्तक कोण मागतो, कोणाचे आजोबा कोणता संग्रह देऊन गेले, कोणत्या कपाटामागच्या भिंतीतून जुलैत पाणी येते, हे काउंटरवरच्या माणसाला माहीत असते आणि ते कुठल्याही नोंदवहीत नसते. तो निवृत्त झाला, कंत्राटी मुलगा आला, की ते ज्ञान गेले. ते पुन्हा विकत मिळत नाही. तरीही मुंबईतल्या बऱ्याच संस्थांत आराखडा ठरतो तेव्हा ग्रंथपाल खोलीत नसतो. तो बाहेर चहाची व्यवस्था पाहत असतो किंवा देवघेव सांभाळत असतो, आणि ठरलेले त्याला दुसऱ्या दिवशी कळते. त्याला मंडळाच्या प्रत्येक बैठकीला निमंत्रित म्हणून बसवायला आणि त्याचे मत इतिवृत्तात नोंदवायला घटना बदलावी लागत नाही. येत्या बैठकीत एक ठराव पुरे, आणि तो चुकला असे वाटले तर पुढच्या वर्षी मागेही घेता येतो.